दिवाणखान्यापर्यंतची वाट

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी दोन चौकांचा एक जुना वाडा त्याच्या वारसांनी वृद्धनिवासासाठी एका विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केला, त्यात वीस-बावीस वृद्ध स्त्रीपुरुषांची सोय झाली, जेवणाखाण्याचा आणि औषधपाण्याचा बंदोबस्तही नेटका लागला; तरीही बाहेरच्या चौकालगत, सोप्याच्या जागी, सर्वांसाठी म्हणून राखलेले जे प्रशस्त दालन, त्यात दोघातिघांखेरीज कोणी फिरकत नाही, ही नोंद मंडळाच्या इतिवृत्तात वारंवार येऊ लागली. अशातच एका उदार गृहस्थाने त्या दालनाच्या नूतनीकरणासाठी देणगी देऊ केली, आणि ती कशी खर्चावी याविषयी मंडळाचे कार्यवाह व मंडळाने नेमलेल्या स्थपती यांच्यात जो मतभेद झाला, तो ऐकण्याचा योग मला आला. कार्यवाह निवृत्त मामलेदार, वयाने पंचाहत्तरीला टेकलेले; स्थपती चाळिशीतल्या एक बाई, ज्यांनी नकाशा काढण्यापूर्वी त्या वाड्यात चार दिवस मुक्काम केला होता. दोघांच्याही मनात त्या वृद्धांविषयी खरी कळकळ होती, म्हणूनच त्यांचा वाद लिहून ठेवावासा वाटला.

प्रश्न एका वाड्यापुरता नाही. 2011 च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण महाराष्ट्रात 9.9 टक्के, म्हणजे दहा माणसांत जवळजवळ एक, असे होते. आणि 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार वृद्धांना सामावून घेणारा, वृद्धाश्रम राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने उभारावा अशी तरतूद आहे. कायदा खाटांची संख्या सांगतो. त्या खाटांवरून उठून माणसे एकमेकांजवळ येऊन बसतील की नाही, हे पुष्कळ अंशी जमीन, दिवे, पायऱ्या आणि खुर्च्या यांच्या योजनेवर अवलंबून असते, आणि त्या योजनेकडे आपल्याकडे शोभेची बाब म्हणून पाहिले जाते, याचे मला वाईट वाटते.

संभाषणाचा प्रारंभ मामलेदारांनी केला.

मामलेदार : बाई, तुमचे अंदाजपत्रक मी दोनदा वाचले. देणगीदारांनी रक्कम देऊ केली ती दालनासाठी. त्यांची इच्छा अशी की, जमिनीला संगमरवर घालावा, छताला नवी तक्तपोशी करावी, आणि गावातील माणसाने पाहून मान डोलवावी असे काही तेथे उभे राहावे. तुम्ही तर निम्म्याहून अधिक रक्कम बोळ, पायऱ्या आणि शौचगृह यांच्यावर खर्ची टाकली आहे. दालनाच्या वाट्याला काय आले, तर रंगाचा हात, दिवे आणि खुर्च्या. हे मी मंडळापुढे कोणत्या तोंडाने ठेवू?

स्थपती : रावसाहेब, आपण एकदा मागच्या चौकातील खोलीपासून दालनापर्यंत, दुपारी चारच्या सुमारास, हातात काठी घेऊन चालत जावे अशी माझी विनंती आहे. खोलीच्या दाराशी चार बोटे उंचीचा उंबरठा. तो ओलांडला की माजघराच्या कडेने जाणारा बोळ, ज्यात भर दिवसाही एक पिवळा दिवा जळत असतो. बोळ संपतो तो एकदम पुढच्या चौकाच्या उन्हात. तेथून दालनाकडे दोन पायऱ्या, त्यांना कठडा नाही. आणि पायऱ्या चढून आत पाऊल ठेवावे, तर पांढऱ्या फरशीच्या कडेने वीतभर रुंदीची काळी पट्टी फिरवलेली. मागच्या खोलीत राहणाऱ्या एका आजींना मी त्या पट्टीशी थांबलेल्या पाहिले. त्यांनी एका हाताने दाराची चौकट धरली, चपलेतून अंगठा बाहेर काढला, आणि त्या पट्टीवर तो टेकवून जमीन लागते की नाही ते पाहिले. जमीन लागली, तरी त्यांचा विश्वास बसला नाही. त्या परत फिरल्या.

मामलेदार : काळ्या पट्टीला त्या पायरी समजल्या?

स्थपती : पायरी किंवा खड्डा. क्षीण दृष्टीला, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तर विशेषच, जमिनीवरील गडद पट्टा खोलगट भासतो. वय वाढते तशी डोळ्यातील बाहुली लहान राहू लागते, भिंग पिवळट आणि गढूळ होत जाते. विशीतील माणसाच्या दृष्टिपटलावर जितका प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एकतृतीयांशच साठीतील माणसाच्या वाट्याला येतो. आपल्या रहिवाशांपैकी बहुतेक पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. शिवाय अंधारातून उजेडात आणि उजेडातून अंधारात डोळा सरावण्यास त्यांना अधिक वेळ लागतो. म्हणजे बोळातून चौकात आल्यावर त्या आजी काही क्षण अक्षरशः आंधळ्या होतात, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण त्यांना दोन पायऱ्या चढावयास लावतो. दालनात कितीही सुंदर संगमरवर घातला, तरी तो त्यांना दिसावयाचा कोठून?

येथे मामलेदारांनी हरकत घेतली ती मला वजनदार वाटली, आणि ती केवळ खर्चाच्या काळजीतून आलेली नव्हती.

मामलेदार : तुम्ही म्हणता ते शरीरापुरते खरे आहे. परंतु मी या लोकांच्या वयाचा आहे, तुम्ही नाही. तेव्हा मनापुरते मला बोलू द्या. माणूस वाट बिकट म्हणून घरी बसत नाही. पंढरीची वाट काय सोपी आहे? तरी आमच्यातील दोघी परवापरवापर्यंत वारीला जात होत्या. ओढ असली की उंबरठे आडवे येत नाहीत. दालनात कोणी जात नाही, कारण तेथे जाऊन करावयाचे काय, हे कोणालाच ठाऊक नाही. भिंतीला टेकून ओळीने खुर्च्या मांडल्या आहेत. तेथे माणसे बसतात ती न्यायालयाच्या व्हरांड्यात पुकारा होण्याची वाट पाहत बसल्यासारखी.

स्थपती : खुर्च्यांविषयीचे आपले म्हणणे मला शंभर हिश्श्यांनी मान्य आहे. 1950 च्या दशकात कॅनडातील सास्काचेवान प्रांतात रॉबर्ट सॉमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नेमके हेच पाहिले होते. रुग्णालयातील वृद्ध स्त्रियांच्या एका कक्षाचे नूतनीकरण झाले होते, रंग नवा, पडदे नवे, खुर्च्या नव्या. आणि त्या स्त्रिया भिंतीलगतच्या ओळींत बसून एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या. शेजारणीशी बोलावयाचे तर मान पूर्ण वळवावी लागे, समोरची इतकी दूर की शब्द पोहोचत नसे. सॉमर व त्यांचे सहकारी यांनी लहान चौकोनी टेबले आणून त्यांच्याभोवती खुर्च्या मांडल्या. आरंभी त्या स्त्रियांना ते रुचले नाही, खुर्च्या पुन्हा भिंतीकडे सरकू लागल्या. पण काही आठवडे ती मांडणी नेटाने राखली, तेव्हा संभाषणे जवळजवळ दुपटीवर गेली.

मामलेदार : मग तुमचे बोळाचे काम कशाला? टेबले मांडा म्हणजे झाले.

स्थपती : तो फरक लक्षात घ्यावा, रावसाहेब. त्या स्त्रिया दालनात बसलेल्या होत्याच. आपल्या येथे माणूस दालनापर्यंत पोहोचतच नाही. आणि वारीचे म्हणाल, तर वारीत दर मुक्कामाला विसावा असतो, हाताला धरणारी सोबत असते, आणि हजारोंची वाट एकच असते. या बोळात टेकावयास एक बसका ओटादेखील नाही. शौचगृह मागच्या चौकाच्याही पलीकडे, दालनापासून सर्वांत लांबच्या टोकाला. ज्या माणसाला तासाभरात एकदा तरी उठावे लागते, आणि घाईने उठले तर तोल जाण्याचे भय वाटते, तो दालनात जाण्याची ओढ मनातल्या मनात आवरतो आणि विचारले असता 'मला तेथे करमत नाही' असे सांगतो. कारण खरे कारण सांगण्याची लाज वाटते.

या शेवटच्या वाक्यानंतर मामलेदार बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटते, सबंध चर्चेतील सर्वांत मोलाचा मुद्दा येथे आला. वृद्धांच्या नाराजीची, एकलकोंडेपणाची जी कारणमीमांसा आपण सहानुभूतीने करतो, आणि तिला स्वभाव, वैराग्य, घरच्यांची आठवण अशी भारदस्त नावे देतो, तिच्यामागे कित्येकदा एक दूरचे शौचगृह आणि एक बिनकठड्याची पायरी उभी असते. माणसाच्या प्रतिष्ठेला जपावयाचे तर त्याला ती अडचण उघड बोलून दाखवावी लागू नये, ती बोलण्यापूर्वीच दूर झालेली असावी, इतके तरी इमारत बांधणाऱ्याकडून अपेक्षिणे अवाजवी नाही.

मामलेदारांनी पुढची हरकत उजेडासंबंधी घेतली.

मामलेदार : तुमच्या तपशिलात दिव्यांची संख्या पाहून मी चकित झालो. आमचा जन्म कंदिलाच्या उजेडात गेला. लखलखाटात बसले की मनाला उसंत मिळत नाही. इस्पितळाच्या शस्त्रक्रियागृहात बसल्याचा भास होतो. वाड्यांचे माजघर मुद्दाम अंधारे ठेवलेले असे. उन्हाळ्यात तेथे गारवा राही, आणि डोळ्यांना विसावा मिळे.

स्थपती : लखलखाट मलाही नको आहे. उजेड पुष्कळ असावा आणि दिवा डोळ्यांत येऊ नये, या दोन्ही गोष्टी एकदम साधावयाच्या आहेत. गढूळ भिंगात प्रकाश विखुरतो, त्यामुळे उघडा दिवा किंवा चकचकीत फरशीवरून उठलेली तिरीप वृद्धाला तरुणापेक्षा कितीतरी अधिक त्रास देते. म्हणून माझे दिवे भिंतीच्या माथ्याशी, पन्हळीआड लपवलेले आहेत. त्यांचा प्रकाश पांढऱ्या छतावर पडून खाली उतरेल. म्हणूनच मी संगमरवराला नाही म्हणते आणि आपली शहाबादी फरशी, पॉलिश न केलेली, मागते. फिनलंडमध्ये पायमियो येथे अल्वार आल्टो या स्थपतीने क्षयरोग्यांसाठी जे आरोग्यधाम बांधले, आणि जे 1933 मध्ये पुरे झाले, त्यात रोग्याच्या खोलीची कल्पना त्याने आडवे पडलेल्या माणसाच्या दृष्टीने केली : छताला शांत गडद रंग दिला, दिवा निजलेल्याच्या नजरेत येणार नाही असा ठेवला, हात धुण्याच्या भांड्याला असा उतार दिला की पाण्याचा आवाज शेजाऱ्याची झोप मोडू नये. माझे माणूस निजलेले नाही, काठी टेकीत चालणारे आणि खुर्चीत बसणारे आहे. मला त्याच्या डोळ्यांच्या ठिकाणी उभे राहून पाहिले पाहिजे.

मामलेदार : आणि इतक्या उजेडाचा लाभ दिसण्यापलीकडे काय?

स्थपती : झोप, आणि चित्ताची स्थिती. ज्यांचे दिवस बंद खोलीतील मंद उजेडात जातात, त्यांच्या शरीराला दिवस कोणता व रात्र कोणती याचा बोध नीट होत नाही. मग दुपारी पेंग आणि रात्री तळमळ. नेदरलँड्समध्ये 12 वृद्धनिवासांतील 189 रहिवाशांवर झालेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे काही निवासांच्या सामाईक बैठकीच्या दालनांत दिवसभर सुमारे 1000 लक्स इतका प्रकाश ठेवला. त्या रहिवाशांत खिन्नतेची लक्षणे 19 टक्क्यांनी कमी आढळली, बुद्धीचा ऱ्हासही किंचित मंदावला. रोग बरा होतो असे मी म्हणत नाही. परंतु प्रयोग सामाईक दालनात झाला, हे ध्यानात घ्या. उजेडाचा लाभ घ्यावयाचा तर माणूस दालनात आला पाहिजे, आणि मी पुन्हा बोळाशी येऊन पोहोचते.

मामलेदार : आमच्या खिडक्या जमिनीलगत आहेत, त्यांतून येणारा उजेड काय थोडा आहे?

स्थपती : त्या खिडक्या बैठकीवर मांडी घालून बसणाऱ्यांसाठी होत्या, आणि त्यांच्यासाठी त्या अचूक होत्या. आता गुडघे मुडपत नाहीत म्हणून सारे खुर्चीवर बसतात. त्याच खिडकीची वरची कड त्यांच्या डोळ्यांपुढे येते, आणि त्यांना बाहेरचा रस्ता न दिसता फक्त त्याची धूळ दिसते. दोन खिडक्यांच्या कमानींवर मी झरोके मागितले आहेत, वाड्याच्या भिंतीला धक्का न लावता.

येथून बोलणे पायऱ्यांकडे वळले. दोन पायऱ्यांची उंची तीस सेंटिमीटर. उतार एकास बारा याहून तीव्र नसावा असे आपल्याकडील सुगम्यतेचे नियम सांगतात, म्हणजे तेवढ्या चढाला 3.6 मीटर लांबीचा उतार हवा. त्याला चौकाच्या कडेने जागा होती. दोन्ही बाजूंना मुठीत पुरती मावेल इतकी गोल लाकडी कठड्याची दांडी, एक 900 मिलिमीटरवर आणि दुसरी 760 वर, टोके भिंतीकडे वळवलेली, म्हणजे पदर किंवा बाही तेथे अडकणार नाही. ही टोके वळवण्याची गोष्ट बाईंनी नकाशावर बोट ठेवून सांगितली, तेव्हा मामलेदारांनी आपणहून कबूल केले की त्यांच्या पत्नीचा पदर एकदा अशाच दांडीच्या टोकात गुंतला होता. त्यानंतर पायऱ्यांविषयी वाद उरला नाही. खोल्यांचे उंबरठे काढण्यासही ते राजी झाले. परंतु देवघराच्या उंबरठ्याला हात लावू देईनात. त्यावर रोज रांगोळी पडते, हळदकुंकू वाहिले जाते, आणि तो ओलांडताना वाकावे लागते यातच त्याचा अर्थ आहे, असे त्यांचे म्हणणे. बाईंचे म्हणणे असे की, चाकाच्या खुर्चीवरील माणसालाही देव हवा असतो. फरशीच्या पातळीत पितळी पट्टी बसवून तिच्यावर रांगोळी काढता येईल. दोघेही हटले नाहीत, आणि मला स्वतःला येथे निवाडा करता येत नाही.

यानंतर मामलेदारांनी जे काढले, त्याने मात्र नकाशाच बदलला.

मामलेदार : तुमच्या दालनात एक उणीव आहे. आमच्यात एक गृहस्थ आहेत, शिक्षक होते. रोज संध्याकाळी ते दालनाच्या दारापर्यंत येतात, चौकट धरून क्षणभर उभे राहतात आणि परततात. त्यांना ना पायरीचे भय, ना दृष्टीचा दोष. दारात उभे राहिले की सारे दालन त्यांच्याकडे पाहते. आत कोण बसले आहे, कोणता विषय चालला आहे, आपण नको असलो तर माघारी वळता येईल की नाही, हे पाहण्यास त्यांना आडोसाच नाही. आपल्या घरांना ओसरी असे ती कशासाठी? आलेला माणूस तेथे टेकतो. बोलावले तर आत येतो, न बोलावले तर पान खाऊन उठतो. तुम्ही दालन एकसारखे उजळ केलेत, बाई, पण अर्धे आत आणि अर्धे बाहेर बसण्याची जागा त्यात राखली नाहीत.

स्थपतीबाईंनी लगेच पेन्सिल हातात घेतली. दालनाच्या दाराअलीकडे, नवा उतार जेथे वर येतो तेथे, त्यांनी एक बाक काढला, हात टेकून उठता यावे असा, आसन 45 सेंटिमीटर उंचीचे. आणि दालनाच्या भिंतीत त्याच्या बाजूला लाकडी जाळीचा एक झरोका दाखवला, ज्यातून बसल्या जागी आतले दिसेल आणि ऐकू येईल. मग त्यांनी स्वतःच दुरुस्ती सुचवली की, त्या बाकावर उजेड आतल्यापेक्षा मंद असावा, फक्त पावलांशी पुरेसा. वादात दुसऱ्याचे म्हणणे पटले की लगेच ते कागदावर उतरवण्याची ही वृत्ती मला फार आवडली.

परंतु स्वयंपाकघराविषयी दोघांत पुन्हा खडाजंगी झाली. बाईंच्या अनुभवाला असे आले होते की, दालन ओस असताना सकाळी नऊच्या सुमारास चार-पाच वृद्ध स्त्रिया स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी घुटमळत असतात. स्वयंपाकीण त्यांना 'आजी, तुम्ही बसा' म्हणून परत पाठवते. त्यांना हवे होते ते भाजी निवडणे. म्हणून बाईंनी पूर्वेच्या खिडकीखाली एक लांब टेबल मागितले होते, खुर्ची आत सरकेल आणि गुडघे अडणार नाहीत असे, वरचा पृष्ठभाग गडद रंगाचा, म्हणजे त्यावर लसणाच्या पाकळ्या, गवारीचे शिरे आणि तांदळातील खडे उठून दिसतील.

मामलेदार : सुरी हाताला लागली, कोणाचे बोट कापले, तर नातेवाइकांना जबाब मी द्यावयाचा. शिवाय लोक म्हणतील, म्हाताऱ्या माणसांकडून काम करून घेतात.

स्थपती : मेथी निवडण्यास सुरी लागत नाही, रावसाहेब, लसूण सोलण्यासही नाही. आणि मघाशी आपणच म्हणालात की, दालनात जाऊन करावयाचे काय हे कोणाला ठाऊक नाही. या स्त्रियांना ठाऊक आहे. मेथीच्या जुडीभोवती बसलेल्या पाच जणींच्या तोंडून जितके बोलणे निघेल, तितके कोणत्याही करमणुकीच्या कार्यक्रमातून निघणार नाही. पुरुषांनाही कोणी मज्जाव केलेला नाही. वाटाणे सोलण्यास बसू द्यावे.

मला हे म्हणणे पटते. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला आपण विश्रांतीच्या नावाखाली निरुपयोगी ठरवतो, आणि मग त्याचे मन रमवण्यासाठी वेगळ्या खर्चाची तजवीज करतो, यात दया असेल, पण आदर कमी आहे.

मामलेदारांनी अखेर अंदाजपत्रकावर शेरा लिहावयास घेतला. बोळ, उतार, कठडे, झरोके आणि दालनाजवळचे शौचगृह मंजूर. फरशीची बाब देणगीदारांचा जबाब येईपर्यंत तहकूब. त्यांना पत्र आपण स्वतः लिहू, बाईंनी खर्चाचा तपशील परवापर्यंत पाठवावा. भाजीचे टेबल एक महिना चालवून पाहावे, सुरीविना. देवघराच्या उंबरठ्याविषयी रहिवाशांची सभा रविवारी चार वाजता दालनात बोलावून त्यांचे मत घ्यावे.

बाईंनी तो शेरा वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. ज्यांना दालनापर्यंत येता येत नाही, त्यांचेच मत या बाबतीत सर्वांत आधी हवे, असे त्या म्हणाल्या. मामलेदारांनी 'दालनात' हा शब्द खोडला आणि त्यावर 'मागच्या चौकात, शौचगृहालगतच्या पडवीत. खुर्च्या सकाळीच नेऊन ठेवाव्यात' असे लिहून सही केली.